मुलाला चार दिवस निरीक्षणगृहात राहू द्यावे का?

प्रश्न विचारणाऱ्या ताई इंदूरच्या आहेत. त्यांचा मुलगा सोळा वर्षे दहा महिन्यांचा असून अकरावीत शिकतो. भंवरकुआंच्या रस्त्यावर तो ओळखीच्या एका एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसला होता आणि त्या दोघांनी पायी चाललेल्या एका बाईंच्या हातातला मोबाइल हिसकावला. नक्की कोणी हिसकावला, याबद्दल दोघांचे म्हणणे वेगवेगळे आहे. शनिवारी संध्याकाळी मुलाला बाल न्याय मंडळाच्या एका सदस्यापुढे हजर केले गेले आणि सोमवारपर्यंत निरीक्षणगृहात ठेवले. घरात आता तीन मते आहेत. वडील म्हणतात की जामीन मागूच नये, चार दिवस आत राहिला तर अक्कल येईल. दीर म्हणतात की मुलाने सरळ कबूल करावे, अल्पवयीन असल्यामुळे काही होत नाही आणि प्रकरण एका दिवसात मिटते. सासूबाईंना वाटते की सुटला की लगेच त्याला नाशिकला मामाकडे पाठवून द्यावे आणि कोणाला काही सांगू नये. यांपैकी बरोबर कोण, आणि पुढे सरकारी नोकरीच्या वेळी हे आडवे येईल का, असे ताईंनी विचारले आहे.

मी बाल न्याय मंडळावर समाजकार्यकर्ती सदस्य म्हणून काम केले आहे आणि त्याआधी व नंतरही अशा कुटुंबांबरोबरच काम करत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते की तिघांच्याही मतात थोडे तथ्य आहे, परंतु खरा प्रश्न तिघांनीही बाजूला ठेवला आहे. सोमवारी मंडळ जे पाहणार आहे ते मुख्यतः हे, की हा मुलगा घरी परत गेला तर पुढचे चार-सहा महिने त्याची जबाबदारी नेमके कोण घेणार आणि कशी घेणार. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात, त्या दोघांपैकी निदान एक महिला असते. ही रचना मुद्दामच केलेली आहे. मोबाइल कोणी ओढला हे ठरवण्यासाठी एकटा न्यायदंडाधिकारी पुरला असता. घर पाहण्यासाठी बाकीचे दोघे आहेत. म्हणून उद्याच्या एका दिवसात वकिलाइतकीच, किंबहुना त्याहून जास्त, तयारी घराची करावी लागेल.

आधी काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते, कारण मला कागद दिसलेले नाहीत. पोलिसांनी कोणते कलम लावले आहे ते सर्वांत आधी पाहा. भारतीय न्याय संहितेत हिसकावून केलेल्या चोरीचे कलम 304 आहे आणि त्याची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अशा गुन्ह्याला किरकोळ गुन्हा धरतात. बाईंना ढकलले, मारले किंवा धमकावले असे फिर्यादीत असेल, तर जबरी चोरीचे कलम 309 लागू शकते आणि मग प्रकरण गंभीर गुन्ह्याच्या वर्गात जाते. हत्यार वापरले असा आरोप असेल, तर कलम 311 येते, ज्यात किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली आहे, आणि तेव्हाच ते निर्घृण गुन्ह्यांच्या वर्गात जाते. हा फरक आपल्यासाठी फार मोठा आहे, कारण सोळा वर्षांवरील मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, याची प्राथमिक चाचणी बाल न्याय कायद्याच्या कलम 15 खाली केवळ निर्घृण गुन्ह्यांतच करता येते. कमाल शिक्षा मोठी असली तरी किमान सात वर्षे ठरवलेली नसतील, तर तो गुन्हा निर्घृण धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये शिल्पा मित्तल प्रकरणात स्पष्ट केले आणि 2021 च्या दुरुस्तीने तेच कायद्यात आले. म्हणजे ताईंनी लिहिले आहे तेवढेच घडले असेल, तर 'आता मोठ्यांच्या कोर्टात जाणार' ही भीती मनातून काढून टाकावी.

(2012 च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर सोळा वर्षांवरील मुलांसाठी 2015 च्या कायद्यात जी ही तरतूद आली, ती मला कधीच पटलेली नाही. सोळा वर्षांच्या मुलाने गुन्हा 'समजून' केला का, हे दोन-तीन भेटींत ठरवता येते, असे मानणारे मला तरी प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत फारसे भेटले नाहीत. पण तो इथला विषय नाही.)

आता वडिलांच्या मताकडे येते, कारण ते मला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागले आहे आणि ते रागापेक्षा भीतीतून आलेले असते. वडिलांना वाटते की आपले बोलणे मुलगा ऐकत नाही, तेव्हा सरकारचे तरी ऐकेल. निरीक्षणगृहाची कल्पना ते एखाद्या कडक वसतिगृहासारखी करतात. कायद्यानुसार हे गृह चौकशी चालू असताना मुलाला तात्पुरते ठेवण्यासाठी आहे. तिथे वयानुसार आणि आरोपाच्या स्वरूपानुसार मुलांना वेगळे ठेवावे असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात खोल्या मोजक्या, कर्मचारी मोजके आणि मुले येत-जात राहणारी, त्यामुळे हे वेगळेपण कागदावर जितके नीट असते तितके दालनात नसते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला अशा ठिकाणी सर्वांत आधी गरज लागते ती कोणाच्या तरी संरक्षणाची, आणि ते देणारा मुलगा बहुधा तिथे आधी दोन-तीनदा येऊन गेलेला असतो. सायकल चोरून आलेली मुले दहा दिवसांनी बाहेर पडताना कुठला माल कोण घेतो, कुठली नशा कुठे मिळते आणि पोलिसांना काय सांगायचे, हे सगळे शिकून बाहेर पडलेली मी पाहिली आहेत. त्यांच्या आया मला म्हणत, "ताई, आता तो शांत झालाय." तो शांत झालेला नसे, घरात कोणाशी बोलायचे नाही, हे त्याने ठरवलेले असे. काही मुलांना ठेवावे लागते, हे मी नाकारत नाही. घरात मारहाण असेल, बाप स्वतः दारू विकत असेल, टोळीतली मोठी माणसे दारात उभी असतील, तर घरापेक्षा निरीक्षणगृह सुरक्षित असते. पण धडा शिकवण्यासाठी म्हणून जे आईबाप जामीन मागत नाहीत, त्यांच्या मुलाला धडा एवढाच मिळतो की आपल्याला घ्यायला कोणी आले नाही. तो धडा मुले फार वर्षे लक्षात ठेवतात.

कायद्याची दिशाही वडिलांच्या उलट आहे. 2015 च्या कायद्याच्या कलम 12 नुसार गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय सोडायचे, किंवा परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली अथवा मंडळाने योग्य ठरवलेल्या व्यक्तीच्या ताब्यात द्यायचे, हा नियम आहे आणि नकार हा अपवाद आहे. नकार तीनच कारणांनी देता येतो: सुटल्यावर तो एखाद्या ज्ञात गुन्हेगाराच्या संगतीत जाईल असे वाटण्यास सबळ कारण असणे, त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका असणे, किंवा सुटकेमुळे न्यायाचा हेतूच विफल होणे, आणि कारणे लेखी नोंदवावी लागतात. ताईंच्या प्रकरणात धोका पहिल्या कारणाचा आहे. तो एकोणीस वर्षांचा मुलगा कुठे राहतो? त्याच गल्लीत राहत असेल आणि त्याला जामीन मिळाला असेल, तर 'मुलाला घरी नेतो' एवढे सांगून भागणार नाही. तेव्हा मंडळापुढे ठोस योजना मांडा. त्याला शाळेत कोण सोडणार, कोण आणणार, शिकवणीच्या वेळा काय, मोटरसायकल कोणाच्या ताब्यात राहणार, फोन रात्री कुठे असणार, घरात दिवसभर कोण असते, हे एका साध्या कागदावर लिहून खाली आई आणि वडील दोघांनी सही करावी. वडिलांनी स्वतः उपस्थित राहावे. मंडळाच्या दृष्टीने वडिलांच्या गैरहजेरीचा अर्थ फार वाईट निघतो, आणि ते रागावून घरी बसले आहेत हे वकिलाला सांगता येत नाही.

जामिनाची एखादी अट पैशांमुळे वा जामीनदार न मिळाल्यामुळे सात दिवसांत पूर्ण झाली नाही, तर अट बदलून घेण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावे लागते, हेही लक्षात असू द्या. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो विनामूल्य मिळतो. मुलांना हा हक्क उत्पन्नाची अट न लावता आहे.

यानंतरचा टप्पा बहुतेक घरांना माहीतच नसतो. परिविक्षा अधिकारी, म्हणजे मध्य प्रदेशातील हिंदी कागदांवरचे 'परिवीक्षा अधिकारी', मुलाच्या घरी, शाळेत आणि शेजारी जाऊन सामाजिक अन्वेषण अहवाल तयार करतात आणि तो दोन आठवड्यांत मंडळाला द्यायचा असतो. माझ्या मते संपूर्ण प्रकरणात याहून महत्त्वाचा कागद दुसरा नाही. आपल्या मराठी घरांत पाहुणा आला की चादर बदलण्याची आणि सगळे छान असल्याचे सांगण्याची सवय असते, आणि या अधिकाऱ्यापुढेही तेच होते: मुलगा गुणी आहे, वाईट संगतीमुळे झाले, घरी काही अडचण नाही. मग अधिकारी शाळेत जातात आणि हजेरीपटावर दीड महिना गैरहजेरी निघते. त्या क्षणापासून कुटुंबाच्या प्रत्येक वाक्याचे वजन कमी होते. त्याऐवजी खरे सांगावे. दहावीनंतर विषय झेपत नाहीत, वडिलांशी सहा महिने बोलणे नाही, हातात कधी कुठून पैसे आले ते विचारले नाही, गांजाचा वास आला होता, हे जे काही असेल ते. अडचण सांगणारे घर मंडळाला घाबरवत नाही, कारण अडचण कळली तर समुपदेशन, व्यसनमुक्ती उपचार, देखरेख असे काही आदेशात लिहिता येते. आणि मुलालाही एकट्याने बोलू द्यावे. तो अधिकाऱ्याला काय म्हणाला हे नंतर खोदून विचारू नये.

दिरांच्या सल्ल्याबद्दल मी जरा कठोर बोलणार आहे. कबूल करून टाकण्याची घाई ही मुख्यतः वकिलाची आणि नातेवाइकांची सोय असते. इथे तर मोबाइल कोणी ओढला हेच निश्चित नाही, आणि एकोणीस वर्षांच्या मुलाच्या घरच्यांना सगळा दोष अल्पवयीनावर जावा असे वाटणे साहजिक आहे, कारण त्यांच्या मुलाचा खटला नियमित न्यायालयात चालेल. दोघांचे खटले एकत्र चालवता येत नाहीत. तुमच्या मुलाने नेमके काय केले, हे आधी वकिलाला शांतपणे आणि घरच्यांच्या गर्दीशिवाय सांगावे. त्याने केले असेल, तर तसे मंडळाला सांगण्यात कमीपणा नाही. उलट अहवालात ते चांगले दिसते. पण तो निर्णय कागद वाचून, वकिलाशी बोलून आणि मुलाला समजावून घ्यावा, सोमवारी सकाळी व्हरांड्यात नव्हे. पोलिसांनी मारले असेल किंवा कोठडीत ठेवले असेल, तर तेही पहिल्याच दिवशी सांगावे. मंडळाने मुलाला तसे विचारून पाहणे हे त्याचे कर्तव्यच आहे, आणि मुलाला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, तसेच प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मंडळापुढे आणावे लागते.

मोठ्या मुलाने त्याला मुद्दाम वापरले असेल, म्हणजे 'तू लहान आहेस, तुला काही होणार नाही' असे सांगून पुढे केले असेल, तर ते गप्प राहून सहन करण्याचे कारण नाही. मुलांना बेकायदेशीर कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला बाल न्याय कायद्याच्या कलम 83 मध्ये आणि न्याय संहितेच्या कलम 95 मध्ये स्वतंत्र शिक्षा आहे. 'अल्पवयीनाला काही होत नाही' हे वाक्य आज गल्लोगल्ली ऐकू येते, आणि पुण्याच्या मे 2024 च्या पोर्शे अपघातानंतर, जिथे गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला आधी तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, ते जास्तच पक्के झाले आहे. त्याच प्रकरणात गदारोळानंतर मुलाची निरीक्षणगृहात रवानगी झाली आणि जून 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्याला सोडले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ज्या बाईंचा मोबाइल गेला त्यांच्याकडे माफी मागायला किंवा पैसे द्यायला परस्पर जाऊ नका. हेतू चांगला असला तरी तो दबाव ठरू शकतो. नुकसानभरपाई करायची तयारी असेल, तर ती वकिलामार्फत मंडळापुढे सांगावी.

वयाची कागदपत्रे उद्याच पिशवीत ठेवा. बाल न्याय कायद्याच्या कलम 94 नुसार आधी शाळेतील जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहिले जाते, ते नसेल तर नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. शाळेत प्रवेशाच्या वेळी तारीख पुढेमागे लिहिलेली असेल आणि दोन कागदांत फरक असेल, तर वकिलाला आजच सांगावे. वय मोजतात ते घटनेच्या दिवसाचे. चौकशी चालू असताना मुलगा अठरा पूर्ण झाला तरी प्रकरण मंडळापुढेच राहते.

सासूबाईंच्या नाशिकच्या कल्पनेला मी सरसकट नाही म्हणणार नाही. संगत तोडायची असेल तर गाव बदलणे कधी कधी खरोखर उपयोगी पडते, आणि मामा भक्कम असेल तर फारच. फक्त ते चोरून करू नये. मंडळाला सांगून, मामाचा पत्ता आणि तिथल्या शाळेची सोय दाखवून, परवानगी घेऊन पाठवावे, नाहीतर पुढच्या तारखेला मुलगा 'फरार' दिसेल. मात्र अकरावीचे वर्ष मध्येच तोडण्याने जे नुकसान होते तेही तोलून पाहावे. मी स्वतः इंदुरातच ठेवून शाळा चालू ठेवण्याकडे झुकेन, जर तो मोठा मुलगा शेजारी नसेल तर. गुप्ततेबाबत मात्र सासूबाई अगदी बरोबर आहेत. मुलाचे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणे कलम 74 खाली गुन्हा आहे, आणि हे वर्तमानपत्राइतकेच वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही लागू आहे. कोणी तसे टाकले असेल, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि मंडळाला द्या. शाळेत एका विश्वासू शिक्षकाला सांगणे पुरेसे आहे.

नोकरीबद्दल. प्रकरण संपल्यावर, दोष सिद्ध झाला असला तरीही, त्यामुळे मुलाला कोणतीही अपात्रता येत नाही असे कलम 24 म्हणते. अपवाद फक्त सोळा वर्षांवरील अशा मुलांचा, ज्यांच्यावर बाल न्यायालयात (मंडळाहून वेगळ्या, सत्र न्यायालयाच्या पातळीच्या) प्रौढांप्रमाणे खटला चालून दोष सिद्ध झाला. चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी बंद झालेल्या प्रकरणाची नोंद उघड करू नये, अशीही स्पष्ट तरतूद आहे. 2019 मध्ये केंद्र सरकार विरुद्ध रमेश बिश्नोई या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयातील आरोपावरून निमलष्करी दलातील नेमणूक नाकारता येत नाही, असे म्हटले. अडचण येते ती प्रकरण लोंबकळत राहिले तर. चौकशी साधारणपणे चार महिन्यांत, आणि फार तर आणखी दोन महिन्यांत संपायला हवी. किरकोळ गुन्ह्यात त्या मुदतीनंतरही ती संपली नाही तर प्रकरणच बंद होते. म्हणून प्रत्येक तारखेला जा आणि तारखा लिहून ठेवा.

शेवटी मंडळ काय करू शकते, तर समज देऊन सोडणे, समुपदेशन, समाजसेवा, दंड, पालकांच्या किंवा योग्य व्यक्तीच्या ताब्यात परिविक्षेवर सोडणे, आणि टोकाचा उपाय म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांसाठीच्या विशेष गृहात जास्तीत जास्त तीन वर्षे. पहिलाच प्रसंग, हत्यार नाही, शाळा चालू आणि घर जागे, अशा प्रकरणांत माझ्या पाहण्यात आदेश बहुतेक वेळा परिविक्षेकडे किंवा समाजसेवेकडे झुकलेला असतो, पण तो अहवालावर ठरतो, म्हणून त्याचे वचन मी देऊ शकत नाही. समाजसेवेचा आदेश आला तर वडिलांनी त्याला तिथे सोडायला जावे. आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. मान्य असेल तर प्रमाणित प्रत घ्या, अपिलाची मुदत संपल्यावर नोंदी नष्ट करण्याचा आदेश मंडळाकडून लेखी मागा, आणि तो ठाण्यात पोहोचल्याची पोच स्वतः जाऊन घेऊन ती प्रत घरी सांभाळून ठेवा. हे शेवटचे काम वकील बहुधा विसरतात.